एका दिवसात डिस्नेची चारही पार्कं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"एवढं लांब आलोच आहोत, तर एका दिवसात चारही उरकून टाकू." ऑर्लँडोला निघालेल्या ओळखीच्या मंडळींकडून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता उत्तरं एकदाच लिहून ठेवतो. मी हा प्रकार दोनदा केला आहे. पहिल्यांदा फसला, दुसऱ्यांदा जमला. खालची बरीचशी उत्तरं पहिल्या वेळेची आहेत.

चार पार्कं म्हणजे नेमकी कोणती?

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधली. मॅजिक किंगडम १ ऑक्टोबर १९७१ला उघडलं, एप्कॉट बरोबर अकरा वर्षांनी १ ऑक्टोबर १९८२ला, हॉलिवूड स्टुडिओज १९८९मध्ये (तेव्हा त्याचं नाव डिस्ने-एमजीएम स्टुडिओज होतं, २००८मध्ये बदललं) आणि ॲनिमल किंगडम २२ एप्रिल १९९८ला. टायफून लगून आणि ब्लिझर्ड बीच ही दोन वॉटर पार्कं या मोजणीत धरत नाहीत. तुम्हीही धरू नका. ओले कपडे, लॉकर आणि केस वाळवणं यातच दोन तास जातात.

खरंच होतं का हे?

होतं. चारही फाटकं आणि प्रत्येक ठिकाणी एक-दोन राइड्स, एवढं धडधाकट माणसाला आरामात नाही, पण नक्की जमतं. न जमण्याचं कारण बहुतेक वेळा राइडची रांग नसतं, मधला प्रवास असतो. डिस्ने वर्ल्डचा पसारा सुमारे ४० चौरस मैलांचा, म्हणजे जवळजवळ सॅन फ्रान्सिस्को शहराएवढा आहे. नकाशावर चारही पार्कं एका बोटाखाली येतात, त्यामुळे आपण फसतो.

"पार्क बघितलं" असं कधी म्हणायचं? नुसतं आत जाऊन बाहेर आलं तर चालतं का?

तुमचा खेळ, तुमचे नियम. काही जण फाटकापाशी फोटो काढून पुढे पळतात. मला ते कुलदैवताच्या पायरीवरूनच नमस्कार करून परत फिरल्यासारखं वाटतं. आमच्या घरचा नियम असा: प्रत्येक पार्कात एक हट्टाची गोष्ट, म्हणजे जी झालीच पाहिजे अशी. बाकी जे पदरात पडेल ते. हट्ट दोन झाले की वेळापत्रक कोलमडतं, हे मी पहिल्या खेपेला पुरेपूर अनुभवलं. हॉलिवूड स्टुडिओजमध्ये आमचे तीन हट्ट होते आणि एप्कॉटला पोचेपर्यंत पावणेसहा वाजले होते.

पहिल्यांदाच जातोय. करावं का?

नको.

थोडं सविस्तर सांगतो. पहिल्या भेटीत माणूस थबकतो. मॅजिक किंगडमच्या मेन स्ट्रीटवर वळल्यावर समोर १८९ फुटांचा किल्ला दिसतो तेव्हा पाय आपोआप थांबतात, आणि थांबावेतच. चार पार्कांच्या दिवसात या थांबण्याला जागा नाही. चार-पाच दिवसांचं तिकीट असेल, सगळी पार्कं एकेकदा बघून झाली असतील आणि शेवटचा दिवस मोकळा असेल, तर त्या दिवशी करा. तेव्हा कोणती राइड आवडली, कुठलं वळण कुठे जातं, स्वच्छतागृह कुठे आहे हे सगळं माहीत असतं. हा दिवस उजळणीचा आहे, पहिल्या वाचनाचा नाही.

तिकीट कोणतं लागतं?

पार्क हॉपर. साध्या तिकिटावर एका दिवशी एकाच पार्कात जाता येतं. हॉपर ही त्यावरची जादा सोय आहे आणि ती अख्ख्या तिकिटाला जोडावी लागते. पाच दिवसांच्या तिकिटात फक्त एका दिवसापुरती घेता येत नाही. त्यामुळे एकाच दिवसासाठी हॉपर घेत असाल तर आधी आकडेमोड करा. बाकीच्या दिवशीही सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं पार्क करणार असाल तरच पैसे वसूल होतात. किंमत तारखेप्रमाणे बदलते.

जुनी माहिती वाचून गोंधळू नका. काही वर्षं दुपारी दोनच्या आधी दुसऱ्या पार्कात जाऊ देत नसत, त्यामुळे चार पार्कांचा बेत जवळपास मोडीत निघाला होता. ९ जानेवारी २०२४पासून दिवसभरात केव्हाही जाता येतं. त्याच दिवसापासून तारखेच्या तिकिटांना वेगळं पार्क आरक्षणही लागत नाही.

तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. दहा वर्षांपासून पुढे मोठ्यांचं तिकीट.

क्रम कोणता ठेवावा?

ॲनिमल किंगडम, हॉलिवूड स्टुडिओज, एप्कॉट, मॅजिक किंगडम. याच्या उलटसुलट बरेच क्रम सुचवले जातात, पण मला हाच पटतो. कारणं अशी.

ॲनिमल किंगडम सगळ्यांत आधी उघडतं आणि सगळ्यांत आधी मिटतं. बहुतेक दिवशी सकाळी आठला सुरू, संध्याकाळी सहा-सातच्या सुमाराला बंद. सफारीतले प्राणीही सकाळच्या गारव्यात हिंडत असतात, दुपारी ते तुमच्यापेक्षा शहाणे असल्यामुळे सावलीत पडून राहतात. मॅजिक किंगडम सगळ्यांत उशिरापर्यंत चालू असतं आणि रात्रीची आतषबाजी तिथेच बघायची असते. मधली दोन पार्कं एकमेकांच्या जवळ आहेत, तेव्हा ती आपोआप मध्ये येतात.

एप्कॉट तिसरं ठेवण्यात एक छोटी गंमत आहे. एप्कॉटला दोन फाटकं आहेत. मागचं, इंटरनॅशनल गेटवे, फ्रान्स आणि इंग्लंडच्या दालनांच्या मध्ये उघडतं. पुढचं फाटक मोठ्या चंदेरी गोलाच्या पायथ्याशी. हॉलिवूड स्टुडिओजहून येताना मागच्या दाराने आत शिरायचं, वर्ल्ड शोकेस, म्हणजे तळ्याभोवतीची देशोदेशींची दालनं, बघत बघत पुढे सरकायचं आणि पुढच्या दाराने बाहेर पडून मॅजिक किंगडमची मोनोरेल धरायची. एकही पाऊल माघारी पडत नाही. चार पार्कांच्या दिवसात ही एकच जागा अशी आहे जिथे चालणं आणि पुढे जाणं एकाच दिशेला होतं.

एका पार्कातून दुसऱ्या पार्कात जायला किती वेळ लागतो?

फोनवरचा नकाशा दहा-पंधरा मिनिटं म्हणतो. तुम्ही पाऊण तास ते एक तास धरा.

दुसऱ्या खेपेला मी मुद्दाम घड्याळ बघून टिपण ठेवलं होतं. ॲनिमल किंगडममधल्या एव्हरेस्टच्या राइडवरून उतरलो तेव्हा १०:४२ झाले होते. ही राइड पार्काच्या मागच्या अंगाला, 'आनंदपूर' नावाच्या काल्पनिक राज्यात आहे. भिंतीवरच्या पाट्या वाचत सासूबाई रेंगाळल्या, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा. फाटकाबाहेर पडलो १०:५५. बसथांब्यावर हॉलिवूड स्टुडिओजचा फलक शोधून उभे राहिलो, बस सुटली ११:०९. उतरलो ११:२४. मग बॅगांची तपासणी, तिकिटाचा टॅप, बोटाचा ठसा. आत पाऊल पडलं ११:३३. एकूण ५१ मिनिटं, त्यातली बस धावत होती ती जेमतेम १५.

अशा तीन उड्या आहेत. म्हणजे अडीच-पावणेतीन तास नुसते इकडून तिकडे जाण्यात गेले. एक मोठ्ठं पार्क पाचवं म्हणून मोजावं इतका हा वेळ आहे.

प्रवासासाठी बस, मोनोरेल, नाव, रोपवे यांपैकी काय घ्यायचं?

ॲनिमल किंगडमला तर निवडच नाही. तिथे मोनोरेल जात नाही, रोपवे जात नाही. बस किंवा मोटार, एवढंच. एका पार्कातून दुसऱ्या पार्कात थेट बस असते आणि ती फुकट असते.

हॉलिवूड स्टुडिओज ते एप्कॉट हा टप्पा सगळ्यांत सुखाचा. स्कायलायनर म्हणजे दोरावरून जाणाऱ्या बंद पाळण्यांची वाहतूक, २९ सप्टेंबर २०१९पासून सुरू आहे. कॅरिबियन बीच स्थानकावर पाळणा बदलावा लागतो, तिथून दुसरा दोर थेट एप्कॉटच्या मागच्या दाराशी नेतो. पाळणे सतत येत राहतात, त्यामुळे रांग लांब दिसली तरी भराभर सरकते. दिवसातली पहिली वीस मिनिटं बसायला मिळतात ती इथे. याच दोन पार्कांमध्ये नावही चालते, पण ती वाटेतल्या हॉटेलांना थांबत जाते. आणि कालव्याकाठची पायवाटही आहे, अर्ध्या तासाच्या आत पोचता. विजा चमकू लागल्या की स्कायलायनर थांबवतात. तेव्हा ही पायवाट किंवा बस आठवावी.

एप्कॉट ते मॅजिक किंगडम मोनोरेलने, पण मध्ये गाडी बदलून. एप्कॉटची मोनोरेल तिकीट अँड ट्रान्सपोर्टेशन सेंटरपर्यंत येते. तिथून पुढे तीन पर्याय: एक्स्प्रेस मोनोरेल, हॉटेलांची मोनोरेल आणि तळ्यावरची फेरीबोट. आम्ही पहिल्या खेपेला घाईघाईत हॉटेलांच्या मोनोरेलमध्ये बसलो. ती मॅजिक किंगडमला जातेच, पण आधी पॉलिनेशियन, मग ग्रँड फ्लोरिडियन. प्रत्येक ठिकाणी दारं उघडणार, माणसं उतरणार, सूचना होणार. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "हॉटेलं छान आहेत हो, पण किल्ला कधी येणार?" एक्स्प्रेसचा फलक तेवढा नीट वाचा.

स्वतःची मोटार किंवा टॅक्सी जास्त लवकर पोचवत नाही का?

तीन पार्कांना पोचवते, मॅजिक किंगडमला नाही. टॅक्सी आणि मोटार तुम्हाला त्याच ट्रान्सपोर्टेशन सेंटरला सोडतात, पुढे तळं ओलांडायला मोनोरेल किंवा बोट आलीच. बस मात्र थेट मॅजिक किंगडमच्या फाटकाजवळ उतरवते. पैसे देऊन उशिरा पोचण्याचा हा एक नामी मार्ग आहे, म्हणून सांगून ठेवतो.

गाडी लावण्याचे पैसे दिवसातून एकदाच द्यावे लागतात, तेच चारही पार्कांना चालतात. खरा प्रश्न रात्री उभा राहतो. सकाळी गाडी ॲनिमल किंगडमला लावली, पुढे बस-पाळणा-मोनोरेल करत फिरलात, तर रात्री अकराला तुम्ही एका टोकाला आणि गाडी दुसऱ्या टोकाला, बंद झालेल्या पार्काच्या अंधाऱ्या मैदानात. त्यामुळे गाडी तिथेच लावा जिथे दिवस संपणार आहे, म्हणजे ट्रान्सपोर्टेशन सेंटरच्या मैदानात, आणि सकाळी तिथून ॲनिमल किंगडमची बस किंवा टॅक्सी घ्या. डिस्नेच्याच हॉटेलात उतरला असाल तर गाडीचा विचारच सोडा.

लायटनिंग लेन घ्यावी का? आणि ती चालते कशी?

या एका दिवसापुरतं माझं उत्तर हो असं आहे. एरवी मी पैसे वाचवायला सांगेन.

लायटनिंग लेन म्हणजे पैसे देऊन मिळणारी वेगळी, छोटी रांग. २०२४च्या जुलैपर्यंत तिचं नाव जिनी प्लस होतं, आता मल्टी पास आहे. मल्टी पासमध्ये आधीच तीन राइड्स राखून ठेवता येतात. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना मुक्काम सुरू होण्याच्या सात दिवस आधी, इतरांना तीन दिवस आधी, तिथल्या सकाळी सात वाजता. भारतातून बुकिंग करत असाल तर ते उन्हाळी वेळेत दुपारचे साडेचार, हिवाळी वेळेत साडेपाच.

चार पार्कांच्या दृष्टीने मेख अशी की हे पहिले तीन एकाच पार्कातले असावे लागतात. त्यातली एक वापरली की पुढची एक घेता येते आणि हॉपर असेल तर ती दुसऱ्या पार्कातलीही चालते. म्हणून सुरुवातीच्या तीन ॲनिमल किंगडममध्ये खर्च करू नका. तिथे उघडण्याच्या वेळेला हजर राहिलात तर रांग मुळात आखूडच असते. त्या तिन्ही हॉलिवूड स्टुडिओजच्या घ्या, साधारण साडेअकरापासून पुढच्या. पहिल्या राइडचा टॅप झाला की तिथेच उभं राहून एप्कॉटची संध्याकाळ शोधायला लागा, दुसऱ्या टॅपनंतर मॅजिक किंगडमची रात्र.

फ्लाइट ऑफ पॅसेज, राइज ऑफ द रेझिस्टन्स, कॉस्मिक रिवाइंड, ट्रॉन अशा सगळ्यांत मोठ्या राइड्स मल्टी पासात येत नाहीत. त्यांचा सिंगल पास वेगळा विकत घ्यावा लागतो आणि माणशी दिवसाला जास्तीत जास्त दोनच मिळतात. या याद्या डिस्नेवाले अधूनमधून बदलतात, त्यामुळे निघण्याआधी ॲपमध्ये एकदा बघून घ्या.

फुकटात रांग चुकवायचा काहीच मार्ग नाही?

आहेत की. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना रोज, कोणत्याही पार्कात, अर्धा तास आधी आत सोडतात. काही राइड्सना एकट्याची रांग असते, उदाहरणार्थ हॉलिवूड स्टुडिओजमधली स्मगलर्स रन. चौघं वेगवेगळे बसायला तयार असाल तर उत्तम. आणि सगळ्यांत गोड सवलत शेवटची: पार्क बंद व्हायच्या मिनिटापर्यंत जो साध्या रांगेत उभा राहिला, त्याला राइड मिळते. मॅजिक किंगडम अकराला मिटणार असेल तर १०:५५ला रांगेत शिरा. आम्ही स्पेस माउंटन अशीच केली. ती १९७५ची राइड आहे, म्हणजे माझ्यापेक्षा मोठी, आणि त्या वेळी माझ्यापेक्षा ताजीतवानी होती.

प्रत्येक पार्कात हट्टाची गोष्ट कोणती ठेवावी?

हे ज्याच्या त्याच्या आवडीवर. आमचं असं होतं.

ॲनिमल किंगडममध्ये फाटक उघडताच पॅंडोरा नावाच्या भागाकडे, फ्लाइट ऑफ पॅसेजला. सगळे तिकडेच धावतात, तेव्हा तुम्हाला धावायचं नसेल तर सरळ सफारीकडे वळा. उघड्या ट्रकमधून वीसेक मिनिटांची फेरी, जिराफ कधी कधी रस्ताच अडवून उभा असतो आणि ट्रक मुकाट थांबतो. त्या दिवसात कुणीतरी आपल्याला सक्तीने थांबवलं, याचं मला बरंच वाटलं.

हॉलिवूड स्टुडिओजमध्ये राइज ऑफ द रेझिस्टन्स. ही राइड डिसेंबर २०१९मध्ये आली. तिला नुसती राइड म्हणणं चूक आहे, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेत नेत अख्खी गोष्ट घडते आणि त्यात पंधरा-वीस मिनिटं तरी जातात. ती तांत्रिक कारणाने बंद पडण्यातही पटाईत आहे. बंद असेल तर वाट बघत बसू नका, टॉवर ऑफ टेररकडे जा.

एप्कॉटमध्ये मी राइडचा हट्ट धरलाच नाही. तळ्याभोवती अकरा देशांची दालनं आहेत, पूर्ण फेरी साधारण १.२ मैलांची. मागच्या दाराने आलात तर फ्रान्स लागूनच आहे, तिथे रेमी या सिनेमातल्या उंदराच्या नजरेतली राइड आहे. ज्यांना थरार हवा त्यांनी कॉस्मिक रिवाइंड गाठावी. ती पुढच्या फाटकाच्या बाजूला आहे, म्हणजे वाटेवरच.

मॅजिक किंगडममध्ये आतषबाजी. तिच्या आधी वेळ उरला तर टुमारोलँडमधली पीपलमूव्हर. रांग बहुधा छोटी असते, दहा मिनिटं बसायला मिळतं, वारा लागतो आणि किल्ला लांबून दिसतो. सकाळपासून चालणाऱ्या पायांना याहून मोठी राइड नाही.

वर्षातला कोणता काळ बरा?

ऑगस्ट सोडून कोणताही. जून ते सप्टेंबर फ्लोरिडात दुपारी गडगडाटी पाऊस जवळपास ठरलेलाच असतो, विजा आल्या की उघड्यावरच्या राइड्स आणि स्कायलायनर दोन्ही थांबतात. उकाडा कोकणातल्या मे महिन्यासारखा चिकट. जानेवारीच्या शेवटाला हवा छान असते, पण तेव्हा पार्कं लवकर मिटण्याची शक्यता असते, आणि चार पार्कांच्या दिवसाला तास हवेत. नाताळचा आठवडा टाळाच. बेत ठरवण्याआधी त्या तारखेच्या चारही पार्कांच्या वेळा एका कागदावर लिहा. काही संध्याकाळी मॅजिक किंगडममध्ये वेगळ्या तिकिटाची पार्टी असते, हॅलोविनची किंवा नाताळची. तेव्हा साध्या तिकीटवाल्यांना सहालाच बाहेर काढतात. अशा दिवशी मॅजिक किंगडम शेवटी ठेवलं तर दिवस तिथेच संपला.

लहान मुलांना घेऊन जमेल?

आठ-नऊ वर्षांच्या पुढच्यांना जमेल, उलट तीच तुम्हाला ओढतील. त्याखालच्यांच्या बाबतीत मी हात जोडतो. दुपारी तीनच्या सुमाराला ती थकून बसतात, आणि तेव्हा तुम्ही नेमके दोन पार्कांच्या मध्ये असता.

तरी जाणारच असाल तर उंचीचे नियम बघा. फ्लाइट ऑफ पॅसेज, एव्हरेस्ट आणि स्पेस माउंटनला ४४ इंच, राइज ऑफ द रेझिस्टन्सला ४०, ट्रॉनला ४८ इंच लागतात. मूल उंचीत बसत नसेल तर रायडर स्विच मागा: आधी आई रांगेतून राइड करून येते, मग बाबा पुन्हा पूर्ण रांग न लावता जातात. बाबागाडी पार्कात भाड्याने घेतली तर ती फाटकाबाहेर नेता येत नाही, पण पावती जपून ठेवा. त्याच दिवशी पुढच्या पार्कात पावती दाखवली की दुसरी मिळते, शिल्लक असेल तर. घरून आणणार असाल तर ३१ इंच रुंद आणि ५२ इंच लांब, याहून मोठी चालत नाही.

आई-बाबा सोबत आहेत. त्यांना झेपेल?

चारही पार्कं त्यांनी करायलाच हवीत असं कुणी सांगितलंय? आमच्या सासूबाईंनी दुसऱ्या खेपेला पहिलं पार्क केलं, दुपारी हॉटेलवर जाऊन झोप काढली आणि संध्याकाळी थेट मॅजिक किंगडमला आम्हाला भेटल्या, न्हाऊन, साडी बदलून, अगदी प्रसन्न. आमच्या चौघांच्या चेहऱ्यांकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही कुठे पडला होतात का?" व्हीलचेअर भाड्याने घेतली तर तिलाही बाबागाडीसारखाच पावतीचा नियम आहे.

खाण्यापिण्याचं काय?

बसून जेवायचं आरक्षण या दिवशी नको. सव्वा तास जातो. ॲपवरून आधी मागणी नोंदवायची आणि तयार झाल्यावर उचलायची. बाहेरचं खाणं आत न्यायला परवानगी आहे, काचेची भांडी आणि दारू चालत नाही. त्यामुळे कोरडा खाऊ भरपूर ठेवा आणि तो बसची वाट बघताना खा, कारण तोच खरा रिकामा वेळ. खाण्याच्या साध्या काउंटरवर बर्फाचं पाणी मागितलं की फुकट देतात. बाटलीचे पैसे घालवू नका.

बॅगेत काय असावं?

जितकं कमी तितकं बरं, कारण प्रत्येक फाटकावर तपासणी आहे. फोन चार्ज करायची बॅटरी मात्र हवीच: तिकीट, रांगांची वेळ, लायटनिंग लेन, जेवण सगळं त्या एका फोनात आहे आणि तो दुपारी दोनला मान टाकतो. पातळ रेनकोट. मोज्यांचा एक जादा जोड, आणि तो दुपारी खरोखर बदला. नवे बूट मुळीच घालू नका. माझ्या फोनने त्या दिवशी तीस हजारांच्या वर पावलं दाखवली. सेल्फी स्टिक घरीच ठेवा, ती आत नेऊ देत नाहीत.

चारऐवजी दोनच केली तर?

तर तुम्ही शहाणे आहात. एप्कॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज ही जोडी माझी आवडती: मध्ये पाळण्याचा प्रवास, दुपार एका ठिकाणी, संध्याकाळ तळ्याकाठी. तीन मात्र करू नका. तीनमध्ये दमणूक चारएवढीच होते आणि सांगायला काही उरत नाही.

हे फक्त फ्लोरिडातल्या डिस्नेतच करता येतं का?

नाही, आणि इतरत्र ते बरंच सोपं आहे. कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइममध्ये डिस्नेलँड (१९५५) आणि कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर (२००१) यांची फाटकं एकाच मोकळ्या चौकात समोरासमोर आहेत. दोन मिनिटांत इकडून तिकडे. पॅरिसमधली दोन पार्कंही शेजारी शेजारी. ऑर्लँडोच्याच युनिव्हर्सलमध्ये स्टुडिओज आणि आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर ही दोन पार्कं एकमेकांना खेटून आहेत. २०१४पासून त्यांच्यामध्ये हॉगवर्ट्स एक्स्प्रेस धावते. प्रवास हीच राइड, फक्त दोन्ही पार्कांचं तिकीट हवं. मे २०२५मध्ये उघडलेलं एपिक युनिव्हर्स मात्र तिथून काही मैलांवर वेगळ्या जागी आहे, तिथे पुन्हा बस आणि घड्याळ आलंच.

काही लोक चारही पार्कांतल्या सगळ्या राइड्स एका दिवसात करतात म्हणे?

करतात. त्या मंडळींचा अभ्यास स्पर्धा परीक्षेसारखा असतो, मिनिटामिनिटाचे तक्ते बनवतात. याहून वरचढ म्हणजे २०१७मध्ये कॅनडातल्या एका बाईंनी जगभरातली डिस्नेची बाराही पार्कं ७५ तास ६ मिनिटांत पालथी घातली, त्याची गिनेसमध्ये नोंद आहे. आपण ऑर्लँडोतल्या चारवर समाधान मानू.

मधेच बेत फसला, उशीर झाला, तर कोणतं पार्क गाळायचं?

दुपारी दोनपर्यंत दुसऱ्या पार्कातून निघाला नसाल तर हॉलिवूड स्टुडिओजमधलं उरलेलं सोडा आणि एप्कॉट फक्त ओलांडा: मागच्या दाराने आत, काहीतरी हातात घेऊन खात खात पुढच्या दाराने बाहेर. चाळीस मिनिटांत होतं. संध्याकाळी सहापर्यंत एप्कॉटलाच पोचला नसाल तर बेत सोडून द्या आणि जिथे आहात तिथेच रात्र काढा. घरातलं सगळ्यांत दमलेलं माणूस गप्प झालं, भांडतही नाही, तर तो इशारा समजा. भांडण चालू आहे तोवर बॅटरी शिल्लक आहे.

रात्री परत कसं यायचं?

आतषबाजी संपताच सगळा जमाव एकाच वेळी फाटकाकडे वळतो. त्या लोंढ्यात शिरू नका. मेन स्ट्रीटवरच्या कुठल्याही कठड्यावर वीस मिनिटं बसा, दुकानं उघडीच असतात. नंतर निघा. ट्रान्सपोर्टेशन सेंटरला जायचं असेल तर मोनोरेलच्या चढावर दिसणारी रांग बघून घाबरू नका, शेजारची फेरीबोट एका खेपेत कितीतरी जास्त माणसं उचलते. वरच्या मजल्यावर कठड्याजवळ उभं राहायला मिळालं तर पाण्यातून मागे सरकत जाणारा किल्ला दिसतो. आमची मुलगी तिथेच उभ्या उभ्या झोपली होती, तेव्हा तिने तो पाहिला नाही.